रास्पबेरी तेलाचं एसपीएफ ५० खरं असतं का? (हात भाजून घेतल्यावर विचारतेय)

सावलीतली_मी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

मला कुठलंही सनस्क्रीन तोंडाला लावलं की तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात, आणि घाम आला की मग काय विचारूच नका, अक्षरशः धारा लागतात डोळ्यांना. चार पाच प्रकार बदलून झाले, तेच. म्हणून म्हटलं आता हे केमिकल प्रकरण बास, झाडापाल्यातलं काहीतरी शोधू. शोधायला गेले तर जिकडे तिकडे एकच यादी, रास्पबेरीच्या बियांचं तेल एसपीएफ (उन्हापासून किती वाचवतं त्याचा आकडा) २८ ते ५०, गाजराच्या बियांचं तेल ३८ ते ४०, नारळ तेल ७-८, ऑलिव्ह ७-८. शंभर ठिकाणी तेच आकडे त्याच क्रमाने. मला वाटलं आकडे एवढे नेमके देतायत म्हणजे कोणीतरी मोजलेच असतील ना.

मग मी स्वतःवरच प्रयोग केला. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत रास्पबेरी तेल आणि त्यात थोडं गाजराच्या बियांचं तेल, उजव्या हाताला नेहमीचं सनस्क्रीन (हाताला लावलं तर डोळ्यांचा प्रश्नच येत नाही), आणि भर दुपारी दीड तास बाहेर. संध्याकाळपर्यंत दोन्ही हात सारखेच दिसत होते म्हणून मी खूश. रात्री अंगावर पांघरूण घेतलं आणि डाव्या हाताला ते टोचायलाच लागलं, दिवा लावून बघते तर हात लालभडक, घड्याळाच्या पट्ट्याखालची तेवढी पट्टी पांढरी. उजव्या हाताला काही म्हणजे काही नाही.

तर प्रश्न असे की १) ते आकडे आले कुठून? २) झाडांच्या अर्कात उन्हापासून वाचवणारं खरंच काही असतं की सगळंच मार्केटिंग? ३) आणि डोळ्यांचं काय करू?

उनाड_अभि

तेल लावून दुपारच्या उन्हात उभं राहायचं याला आमच्यात तळून घेणं म्हणतात हो :)

चेष्टा सोडा. मी पण ट्रेकला वर्षभर नारळ तेलावर काढलंय, कुठेतरी वाचलं होतं ८ एसपीएफ असतं म्हणून. नाक सोलून निघायचं दर वेळी, आणि मी समजायचो की आपण कमी लावतोय, मग अजून चोपडायचो. मला पण उत्तर वाचायचंय, म्हणून खुर्ची टाकून बसतोय इथे.

क्युव्हेटवाला

मी क्रीम बनवायच्या लॅबमध्ये काम करतो, तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या, यावर मी ऑफिसात इतक्यांशी भांडलोय की पाठ झालंय.

हे आकडे बहुतेक माणसाच्या कातडीवर मोजलेलेच नसतात. १९८६ साली मन्सूर नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी पद्धत काढली. नमुना अल्कोहोलमध्ये भरपूर पातळ करायचा, बोटाएवढ्या चौकोनी काचपात्रात (यालाच क्युव्हेट म्हणतात, माझं नाव तिथून) ओतायचा, यंत्रात ठेवायचा आणि २९० ते ३२० नॅनोमीटर लहरलांबीच्या यूव्ही (अतिनील) पट्ट्यात दर ५ नॅनोमीटरला तो किती प्रकाश शोषतो ते वाचायचं. प्रत्येक आकड्याला ठरलेल्या वजनाने गुणायचं, बेरीज करायची, वर १० ने गुणायचं, झालं एसपीएफ. हा १० पण आकाशातून पडलेला नाही, ८ टक्के होमोसॅलेट (ऊन अडवणारं एक रसायन) असलेल्या प्रमाण क्रीमचं उत्तर ४ यावं म्हणून तो बसवलाय. म्हणजे त्या क्रीमसाठी, तेवढ्याच पातळ द्रावणासाठी ही फूटपट्टी ठीक आहे.

आता गंमत बघा. उत्तर शोषणाच्या सरळ प्रमाणात आहे, म्हणजे मी तोच अर्क दुप्पट घट्ट घेतला की एसपीएफ दुप्पट. दहापट घट्ट घेतला की दहापट. अर्क तोच, झाड तेच, फक्त मी अल्कोहोल कमी ओतलं! खऱ्या कातडीवर असं नसतं, तिथे शोषण १ म्हणजे दहातला एक भाग आत जातो आणि शोषण २ म्हणजे शंभरातला एक. मन्सूरचं सूत्र पहिल्या वेळी १० म्हणेल आणि दुसऱ्या वेळी २०, जिथे हिशोबाने १०० यायला हवं. आणि ३२० च्या पुढचा लांब लहरींचा यूव्ही, म्हणजे यूव्हीए, तर या सूत्राला दिसतच नाही, तो ४०० पर्यंत जातो.

नारळ आणि ऑलिव्हचे जे सात साडेसात आकडे फिरतात ते २०१० च्या एका पेपरमधले, आणि तिथे ही तेलं ४० टक्के अल्कोहोल नि ६० टक्के पाण्यात घातली होती. तेल पाण्यात विरघळतं का? द्रावण गढूळ होतं, गढूळ पाण्यात प्रकाश विखुरतो, आणि बिचारं यंत्र विखुरलेला प्रकाशही शोषला असंच धरतं, त्याला फरक कळत नाही. मी स्वतः एकदा मुद्दाम नुसतं ढवळलेलं साधं तेलपाणी ठेवून बघितलं होतं, आकडा झकास आला, पाच मिनिटांनी तेल वर तरंगलं तसा आकडा खाली आला.

रास्पबेरीचं तर अजून भारी. २००० सालच्या पेपरमध्ये त्या तेलातून किती प्रकाश आरपार जातो त्याचा आलेख काढला आणि लिहिलं की हा टायटॅनियम डायऑक्साइडच्या आलेखासारखा दिसतोय. २८ ते ५० हे आकडे टायटॅनियमवाल्या क्रीमचे! कोणीतरी ते उचलून तेलाला चिकटवले आणि मग सगळ्यांनी एकमेकांचं ढापलं. गाजराचं पण तसंच, तपासली होती तयार क्रीम, गाजर त्यातला एक घटक.

खरी टेस्ट माणसाच्या पाठीवर होते. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून, दिव्याखाली कातडी लाल व्हायला किती डोस लागतो ते बघतात, आणि उघड्या कातडीच्या डोसने भागतात. तेल तिथे टिकत नाही, कातडी काही काचेसारखी सपाट नसते, तिला चर असतात, तेल घरंगळून चरात जाऊन बसतं आणि उंचवटे कोरडे राहतात. ऊन तिथूनच आत शिरतं. तुमचा डावा हात म्हणजे छोटीशी खरी टेस्टच म्हणा की, फक्त पैसे न घेता केलेली.

सावलीतली_मी

अरे बापरे. म्हणजे मी टायटॅनियमचा आकडा वाचून तेल विकत घेतलं! हसू का रडू कळत नाहीये. धन्यवाद, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. पण मग झाडं स्वतः दिवसभर उन्हात उभी असतात ती कशी नाही भाजत? त्यांच्यात काहीतरी असणारच ना?

पानशेती

असतं की! मी वनस्पतीशास्त्र शिकवते, हा माझा आवडता तास आहे.

झाडाला उठून सावलीत जाता येत नाही, त्यामुळे त्याने सोय अंगातच केलीय. पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींत, पेशीच्या मधल्या पाण्याच्या पिशवीत, फ्लेव्होनॉइड आणि सिनॅमिक आम्लाच्या जातीची द्रव्यं साठवलेली असतात. ती यूव्ही तिथेच गिळतात आणि खालच्या हिरव्या पेशींना लागणारा दिसणारा प्रकाश मात्र जाऊ देतात, म्हणजे पडदा असा की उजेड येतो पण झळ नाही. अ‍ॅराबिडॉप्सिस नावाचं लॅबमधलं लाडकं रोपटं आहे, त्याचे काही उत्परिवर्तित प्रकार ही द्रव्यं बनवूच शकत नाहीत, ते यूव्हीबीखाली (आखूड लहरींचा यूव्ही) भाजल्यासारखे होतात आणि शेजारचं साधं रोप मजेत असतं. त्यामुळे यूव्ही अडवायला झाड हे वापरतं यात शंका नाही. समुद्री शेवाळात मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं असतात, त्यांचं शोषण ३१० ते ३६० च्या पट्ट्यात, म्हणजे नेमकं जिथे हवं तिथे, त्यावर बरंच काम चाललंय आणि तसे काही घटक क्रीममध्ये आलेतही.

पण पान आणि तुमचा हात यात फरक आहे. पानात ते द्रव्य जिवंत पेशीत दाटीवाटीने भरलेलं असतं आणि खराब झालं की पान नवं बनवतं. आपण पान कुटून, गाळून, अर्क काढून क्रीममध्ये २ टक्के घालतो, त्या २ टक्क्यांत खरं द्रव्य अजून थोडं. समोर झिंक ऑक्साइडचं क्रीम ठेवा, त्यात नुसतं झिंकच २० टक्क्यांच्या आसपास असू शकतं. बरं भरपूर अर्क घालायचा म्हटलं तर रंग येतो, वास येतो, हात पिवळा नाहीतर तपकिरी. लाकडातलं लिग्निन यूव्ही छान शोषतं पण ते लावून माणूस सागवानी दिसेल. हळदीतलं कर्क्युमिन घ्या, ते सगळ्यात जास्त शोषतं ४२५ च्या आसपास, म्हणजे दिसणाऱ्या निळ्या प्रकाशात, आणि वर स्वतःच उजेडात विघटन पावतं. उन्हासाठी लावलेली गोष्ट उन्हातच संपली तर काय उपयोग.

अजून एक, केमिकल विरुद्ध झाड ही रेघ तितकी सरळ नाहीये. १९२८ साली अमेरिकेत पहिलं बाजारी सनस्क्रीन आलं त्यात बेंझिल सॅलिसिलेट आणि बेंझिल सिनॅमेट होतं, दोन्ही निसर्गात झाडांत सापडणारी. आजच्या सनस्क्रीनमधलं ऑक्टिनॉक्सेट हे त्याच सिनॅमिक आम्लाच्या घराण्यातलं, फक्त लॅबमध्ये त्याला अशी शेपटी जोडलीय की ते तेलात विरघळावं आणि पाण्याने धुऊन जाऊ नये. झाडाची कल्पना उचलून माणसाच्या कातडीच्या मापाने शिवलीय असं समजा.

निशिगंध

मी सगळ्यांच्या वर एक भीती घालून ठेवते. झाडातली सगळीच द्रव्यं ऊन अडवत नाहीत, काही उन्हाला आत बोलावून घेतात!

मी दोन वर्षांपूर्वी घरी क्रीम बनवायचे, शिया बटर, बदाम तेल, आणि वासासाठी बर्गमॉटचं (लिंबाच्या जातीचं फळ) तेल, थेंब न मोजता, कारण वास इतका सुंदर. दंडाला आणि गळ्याला लावून बाहेर गेले. त्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी थोडी आग, तिसऱ्या दिवशी फोड. आणि फोड कसे, जिथून क्रीमचं बोट फिरलं होतं तिथूनच, चार बोटांचे चार पट्टे, गळ्यावर एक ओघळ. त्वचारोगतज्ज्ञांनी बघताक्षणी विचारलं की लिंबू, बर्गमॉट, अजमोदा असलं काही लागलं होतं का. त्याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. त्या तेलात बर्गॅप्टेन असतं, सोरालेन जातीचं, त्यावर यूव्हीए पडला की ते थेट पेशीतल्या डीएनएला चिकटतं. फोड पंधरा दिवसांत गेले पण तपकिरी पट्टे पुसट व्हायला पाच सहा महिने लागले. मला वाटलं होतं अ‍ॅलर्जी असेल, तर ते म्हणाले अ‍ॅलर्जी नाही, हे कोणालाही होऊ शकतं, लागलेलं द्रव्य आणि ऊन पुरेसं असलं की झालं.

बावचीचं तेल पण त्याच जातीचं, कोडावर उन्हासोबत वापरतात ते त्यातल्या सोरालेनमुळेच. तर नॅचरल लिहिलंय म्हणून दिवसा काहीही चोपडू नका, प्लीज.

उनाड_अभि

चार बोटांचे चार पट्टे वाचून अंगावर काटा आला. आता मधला मार्ग सांगतो, पटतोय का बघा. झिंक ऑक्साइड खनिज आहे ना, ते पावडर मिळतं, तेच आपल्या नारळ तेलात घोटलं तर? नैसर्गिक पण झालं आणि काम पण.

क्युव्हेटवाला

अभिभाऊ, नको. पावडर चमच्याने ढवळून तेलात मिसळत नाही, गोळ्या होतात, डोळ्याला एकजीव दिसलं तरी भिंगाखाली बघा, इथे ढीग तिथे मोकळं मैदान. आम्ही मोठ्या मिलमधून काढतो, वर ते विखुरलेलं राहावं म्हणून वेगळे घटक घालतो, तरी कधीकधी बॅच फसते. आणि तुमच्या वाटीतल्याचं एसपीएफ ५ आलं की २५ हे कळायला पाठच लागेल कोणाचीतरी. पिंटरेस्टवरच्या घरगुती सनस्क्रीनच्या पोस्टींचा अभ्यास झाला होता, २०१९ मध्ये त्याची बरीच चर्चा झाली, ६८ टक्के पोस्टींमधल्या कृती पुरेसं संरक्षण देणाऱ्या नव्हत्या आणि कौतुक मात्र जवळजवळ सगळ्यांत.

सावलीतली_मी

बरं घरी बनवणं रद्द. पण ग्रीन टीचं काय? आणि त्या नेच्याच्या गोळ्या येतात ना, पॉलिपोडियम, त्या खाल्ल्या की क्रीमच नको म्हणतात. मला तर तेच सोयीचं, डोळ्यांचा प्रश्नच मिटला.

त्वचेचं_बोलू

मी त्वचेची डॉक्टर. वरती सगळ्यांनी छान लिहिलंय, मी फक्त राहिलेलं जोडते.

ऊन अडवणं आणि ऊन आत गेल्यावर झालेलं नुकसान कमी करणं ही दोन वेगळी कामं आहेत. क्रीममधला फिल्टर दारावर उभा असतो, झाडांचे बरेचसे अर्क घरात शिरलेल्याच्या मागे धावतात. ग्रीन टीतलं ईजीसीजी नावाचं पॉलिफिनॉल घ्या, त्याचं शोषण २७५ च्या आसपास, आणि तेवढ्या आखूड लहरी ओझोनच्या थरातून खाली येतच नाहीत, म्हणजे फिल्टर म्हणून ते जवळपास निरुपयोगी. तरीही २००१ च्या एका प्रयोगात ग्रीन टीचे पॉलिफिनॉल आधी लावून माणसांच्या त्वचेवर यूव्ही सोडला तर लाली आणि भाजलेल्या पेशी दोन्ही कमी दिसल्या. कारण ते नंतर तयार होणाऱ्या फ्री रॅडिकल्सना (पेशींना इजा करणारे रेणू) आवर घालतं. फेरुलिक आम्लाचं उदाहरण अजून चांगलं, ते वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत असतं, १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का ई च्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक घातल्यावर चारपट संरक्षण आठपट झालं, २००५ चं काम आहे. हे सगळं सनस्क्रीनच्या खाली लावायचं, त्याच्याऐवजी नाही.

पॉलिपोडियमवर माणसांत अभ्यास झालेत आणि लाली थोडी कमी होते हे खरं, उन्हाने पुरळ येणाऱ्या किंवा वांग असलेल्या काही रुग्णांना मी जोड म्हणून देतेही. पण गोळी खाल्ली आणि क्रीम सोडलं असं नाही चालत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषध नियामक संस्था) असल्या गोळ्या सनस्क्रीनसारख्या विकणाऱ्या कंपन्यांना ताकीदपत्रं पाठवली होती, कुठलीही गोळी किंवा कॅप्सूल सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही असं स्पष्ट म्हणून. आणि युरोपची परवानगी असलेल्या यूव्ही फिल्टरची यादी बघा, त्यात एकही वनस्पती अर्क नाही.

अजून एक बारीक गोष्ट जी लोकांच्या लक्षात येत नाही. ज्येष्ठमध, कॅमोमाइल असे दाह कमी करणारे अर्क लाली दाबतात. एसपीएफ मोजतात लालीवरून. म्हणजे ऊन आत जातंय, डीएनए तुटतोय, पण घंटा वाजत नाहीये, कारण आपण घंटेला कापूस बांधलाय. म्हणून "मी अमुक अर्क लावते, मला लाल होत नाही" हे ऐकलं की मला आनंद होण्याऐवजी काळजी वाटते.

आता तुमचे डोळे. बऱ्याच जणांना चुरचुर होते ती ॲव्होबेन्झोनसारख्या फिल्टरमुळे, घामाबरोबर ते खाली ओघळतं. तर कपाळाला आणि डोळ्यांभोवती नुसतं झिंक किंवा टायटॅनियमवालं लावा, शक्यतो कांडीच्या रूपातलं, ते जागचं हलत नाही, भुवयांच्या वर थोडं थांबवा. बाकी चेहऱ्याला हवं ते. थोडा पांढरा थर दिसेल, रंगीत छटेचं घेतलं तर कमी दिसतो. दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर परत. वर रुंद काठाची टोपी आणि गॉगल. आणि ती चुरचुर तरीही राहिली तर एकदा दाखवून घ्या, कधीकधी दोष सुगंधाचा नाहीतर प्रिझर्व्हेटिव्हचा असतो आणि आपण उगाच फिल्टरला शिव्या देतो.

निशिगंध

घंटेला कापूस! हे मी सगळीकडे वापरणार आहे.

सावलीतली_मी

आठवड्यानंतर लिहितेय. झिंकची कांडी आणली, कपाळावर पांढरा पट्टा दिसतो आणि घरातले मला क्रिकेटपटू म्हणतात, पण तीन दिवस बाहेर फिरले आणि डोळ्यातून एक थेंब पाणी नाही!!! डाव्या हाताची साल निघतेय अजून, पापुद्रे ओढायचा मोह आवरतेय.

एकच राहिलं, त्या रास्पबेरी तेलाच्या दोन बाटल्या पडल्यात, एक तर उघडलेलीही नाही. टाकून देऊ का?

क्युव्हेटवाला

टाकू नका, रात्री लावा, ओलावा धरून ठेवायला चांगलं तेल आहे ते. साल निघून हात पूर्ण बरा होऊ दे मात्र आधी. फक्त त्यात लिनोलिक आणि लिनोलेनिक आम्लं जास्त असतात, उघडलं की लवकर खवट होतं, तर उघडी बाटली फ्रीजमध्ये ठेवा आणि लावण्याआधी वास घेत जा. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला की मग टाका.

पानशेती

आणि दुसरी बाटली अभिला द्या, नाकाला लावेल तो. रात्री हं, अभि, रात्री!